‘गॅरेजवाल्यानं तुम्हाला गंडवलं’ या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया चांगली लांबलचक आहे, तेव्हा उत्तरही तसंच देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: १९६६ ची फियाट ११०० डिलाइट गॅरेजात देताना मी एकूण खर्चाचा आकडा ठरवून घेतला नाही, फोटोत गाडी नुसतीच उभी दिसते, आणि एवढ्या पैशात जिप्सीचं इंजिन नि एसी बसवून ती रोज वापरता आली असती.

आधी आकड्याचं बघू. या गाडीला वेगळी चेसिस, म्हणजे खालची लोखंडी चौकट नसते, बॉडीच सगळा भार पेलते. त्यातही जास्त भार फ्लोअरवर आणि दारांखालच्या पोकळ पेट्यांवर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दारा-काचांची रबरं कडक होऊन तडकतात, आणि पावसाळ्यात तिथूनच पाणी आत शिरतं. दाराच्या तळाची निचऱ्याची भोकं मातीनं बुजलेली असली की ते पाणी साचून राहतं. पत्रा आतून सडत येतो आणि वरचा रंग मात्र शाबूत दिसतो. माझ्या गाडीवर लोहचुंबक फिरवला तेव्हा डाव्या दाराखाली तो चिकटेचना. तिथं पत्रा कमी आणि पुट्टीच जास्त होती. आत काय निघेल हे ती खरवडण्याआधी कोण सांगणार? मिस्त्री म्हणाला, “जो उघडायच्या आधी भाव सांगते ना भाऊ, तो पुट्टी भरते.”

मला ते पटलं. ठोक भावात काम दिलं की कारागिराचा फायदा सडका पत्रा कापण्यात नसतो, झाकण्यात असतो. म्हणून आम्ही टप्पे पाडले. रंग उतरवून झाला की पत्राकामाचा भाव, इंजिन खोलल्यावर इंजिनाचा, आणि पैसे काम डोळ्यांनी बघून. एकूण आकडा कागदावर नाही हे खरं, पण आंधळा व्यवहारही नाही.

आता उभ्या गाडीबद्दल. तो फोटो नीट बघा, दाराच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड केलेले दिसतील. खालची पेटी कापण्याआधी हा आधार दिला नाही तर बॉडी मधोमध खचते आणि मग दारं जन्मात सरळ लागत नाहीत. पाइप लावणं, मापं घेणं, पुन्हा तपासणं यात वेळ जातो आणि फोटोत दाखवण्यासारखं काहीच नसतं.

इंजिनाबाबत तुम्ही निदान जमण्यासारखं तरी सुचवलंत. मला मारुती ८०० चं बसवा म्हणणारेही भेटलेत. ते आडवं इंजिन पुढची चाकं फिरवतं, फियाटची फिरतात मागची! रोज वापरायची गाडी हवी असती तर तुमचंच ऐकलं असतं. पण २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर बॉडी शेल, चेसिस किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. नवीन नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि रोजच्या वापराला मनाई. मला हीच नोंदणी हवी आहे, म्हणून गाडीचं मूळचं १०८९ सीसी इंजिनच दुरुस्त होतंय.

बदल करतोय तो एकाच ठिकाणी. हल्लीच्या ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. त्यामुळे पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदा नव्या मालाचे टाकणार, टाकीही आतून साफ करून घेणार. बाहेरून कुणाला कळणार नाही.

तरीही शंका असेल तर नागपुरात कामठी रोडला या, मी पत्ता कळवतो. फक्त प्रायमर मारायच्या आधी या, नंतर आतला पत्रा नवा की जुना हे मलाही दाखवता येणार नाही. येताना लोहचुंबक तुमचा तुम्हीच आणा.