बेसला रिव्हर्ब नको, असं मी म्हटलंच नव्हतं

नमस्कार,

गिटारच्या आवाजाला खोलीसारखं घुमणं देणारं रिव्हर्ब पेडल कसं निवडावं यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सणसणीत प्रतिक्रिया दिलीत. दोन ओळींत तिची बोळवण करणं बरं दिसलं नसतं, म्हणून सवडीनं लिहितो. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. मी ‘गरिबांचा सल्ला’ दिला. अ‍ॅम्बियंट (संथ, वातावरण उभं करणारं संगीत) वाजवायचं तर स्टीरिओ आणि बिगस्कायच्या (स्ट्रायमन कंपनीचं महागडं रिव्हर्ब पेडल) तोडीचं पेडल हवंच. बेस गिटारवाल्यांना मी रिव्हर्बच्या दारातूनच परत पाठवलं. शिमरची (घुमणाऱ्या आवाजात वरच्या सप्तकाचा स्वर मिसळणारा रिव्हर्बचा प्रकार) मी हेटाळणी केली, वास्तविक आपल्या रागदारीला शिमर म्हणजे आयता तानपुरा. आणि चौथा आक्षेप, ‘प्रत्येक ठिकाणी देवळाचा मंडप कशाला आणता? पेडल ते पेडल, फोंड्यात वाजवा नाहीतर बर्लिनमध्ये.’

चौथ्यापासून सुरू करतो, कारण बाकीच्या तिघांची शेंडी त्याच्याच हातात आहे.

हार्वर्ड विद्यापीठात १८९५ च्या सुमारास फॉग कलासंग्रहालयातलं व्याख्यानगृह इतकं घुमायचं की व्याख्यात्याचं बोलणंच कळेना. ते दुरुस्त करण्याचं काम वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाच्या गळ्यात पडलं. त्यानं जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या आणायला सुरुवात केली. गाद्या वाढवत जायचं आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते दर वेळी मोजायचं, असा उद्योग. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरात आहे: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले खोलीतलं एकूण शोषण. येणारा आकडा म्हणजे आवाज ६० डेसिबलनं उतरायला लागणारे सेकंद.

आता आपल्याकडचा एखादा सभामंडप घ्या. खाली गुळगुळीत फरशी, वर स्लॅब, भिंतींना ऑइलपेंट, पडदा नाही की जाजम नाही. समजा २० मीटर लांब, १० रुंद, ५ उंच. म्हणजे १००० घनमीटर. रिकाम्या मंडपाचं शोषण ४० चौरस मीटर धरलं, तर उत्तर येतं चार सेकंद. दुपारी साउंडचेकला तुम्ही ऐकता ते हे चार सेकंद. संध्याकाळी दोनशे माणसं येऊन बसली आणि प्रत्येकानं अर्धा चौरस मीटर शोषण सोबत आणलं, की शोषण १४० वर जातं आणि घुमण्याचा काळ १.१५ सेकंदावर उतरतो. पेडलला कोणी हात लावलेला नाही, तरी तुमचा रिव्हर्ब दुपारचा राहिलेला नाही.

त्यातही एक मेख आहे. माणसं आणि त्यांचे कपडे वरच्या पट्टीतला आवाज भरपूर शोषतात, खालचा त्या मानानं फार कमी. म्हणजे लोक जमल्यावर घुमण्याची झगमगीत वरची शेपूट आखूड होते आणि खालची घरघर बरीचशी मागे उरते. दुपारी ‘मस्त गडद’ वाटलेलं सेटिंग आरतीच्या वेळेला चिखल का होतं, त्याचं उत्तर हे आहे.

बर्लिनचं मला ठाऊक नाही. पण गोव्यात एकच गिटारवाला शुक्रवारी देवळात भक्तिसंगीताला असतो, शनिवारी कुणाच्या तरी लॉनवरच्या रिसेप्शनला आणि रविवारी चर्चच्या फेस्ताच्या मंचावर. मंडपात खोलीच सगळं करून ठेवते, तिथे पेडलनं जेमतेम तोंड दाखवावं. उघड्यावर भिंतीच नाहीत, तिथे सगळा भार पेडलवर. जत्रेतल्या उत्सवी नाटकाला पार्श्वसंगीत देणाऱ्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून माझी पहिली अट तीच राहील: मिक्स (घुमणं किती मिसळायचं) आणि डिके (ते किती वेळ टिकायचं) हे दोन नॉब वेगवेगळे असावेत, वरच असावेत आणि मेन्यूत न शिरता अंधारात हाताला लागावेत. प्री-डिले (घुमणं सुरू होण्याआधीची थोडी उसंत) असेल तर सोन्याहून पिवळं. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणजे २० मिलिसेकंदांत साधारण ७ मीटर. तेवढा अवकाश तारेच्या छेडीनंतर मिळाला की सूर आधी पोहोचतो आणि घुमणं त्याच्या मागून येतं. मंडपात शब्द असलेल्या गाण्याला साथ करताना याचा फार उपयोग होतो.

आता स्टीरिओ. घरी दोन स्पीकरांच्या मधोमध बसून बिगस्कायचा क्लाउड मोड ऐकला की जीव हरखतो, याबद्दल तुमच्याशी वाद नाही. पण मंचावर काय होतं? साउंडवाला तुम्हाला एक वायर देतो. दुसरी मागितलीत तर ती हार्मोनियमला गेलेली असते. मंडपाच्या दोन्ही बाजूंचे स्पीकर बहुतेक वेळा एकच मिश्रण वाजवत असतात, आणि तेच बरं, नाहीतर डावीकडे बसलेल्या मंडळींच्या वाट्याला अर्धीच गिटार आली असती.

पेडलमधून निघणारे डावा आणि उजवा असे दोन आवाज मिक्सरवर एकत्र केले की होतं काय, तर डावीकडचा आणि उजवीकडचा कोरडा, म्हणजे रिव्हर्ब न लागलेला, आवाज हुबेहूब सारखा असल्यामुळे बेरजेत ६ डेसिबलनं वाढतो. रिव्हर्बच्या दोन बाजू मात्र मुद्दाम एकमेकींपासून वेगळ्या ठेवलेल्या असतात, म्हणूनच तो रुंद वाटतो. त्यांची बेरीज साधारण ३ डेसिबलनंच वाढते. परिणाम असा की घरी हेडफोनवर जमवलेलं धुकं मंचावर कोरड्या आवाजाच्या मानानं ३ डेसिबलनं पातळ होतं. मग माणूस घाईघाईनं मिक्स वाढवतो, मंडप त्यात स्वतःची भर घालतो, आणि साउंडवाला मागून ओरडतो, ‘बाब, तुजो आवाज खंय गेलो?’ तुम्ही घरी रेकॉर्डिंग करत असाल तर स्टीरिओ जरूर घ्या, डोळे मिटून घ्या. मंचासाठी घेत असाल तर दुकानात एकच वायर लावून ऐका. इतकंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

बेसबद्दल तुम्ही मला जे सुनावलंत ते वाचून हसू आलं. माझं वाक्य होतं, ‘गिटारचं रिव्हर्ब पेडल बेसला जसंच्या तसं लावू नका.’ यातलं ‘जसंच्या तसं’ तुम्ही गाळून टाकलंत आणि उरलेल्या वाक्याशी भांडलात.

एक करून बघा. बेसवर ‘ए’ची मोकळी तार छेडा; ५५ हर्ट्झ. मग ‘ई’च्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा ‘जी’ घ्या, ४९ हर्ट्झ. एरवी तुम्ही ‘ए’ बोटानं दाबून बंद करता, त्यामुळे काही बिघडत नाही. रिव्हर्बच्या शेपटीवर मात्र बोट ठेवता येत नाही. तिथे ‘ए’ अजून जिवंत असतो आणि त्याच्या उरावर ‘जी’ येऊन बसतो. दोघांत सेकंदाला सहाच कंपनांचा फरक, त्यामुळे कानाला दोन स्वर वेगळे लागतच नाहीत. सेकंदाला सहा हेलकावे खाणारी एक घरघर तेवढी ऐकू येते. हेच दोन स्वर तीन सप्तकं वर नेले तर ४४० आणि ३९२ होतात आणि कितीही लांब शेपटीत स्वच्छ वेगळे कळतात. म्हणून गिटारवर जो हॉल मोड स्वर्गीय वाटतो, तोच बेसवर ड्रमरच्या शिव्या खातो. सोबत घुमट (गोव्याचं मातीचं तालवाद्य) किंवा पखवाज असेल तर विचारूच नका, खालची जागा आधीच भरलेली असते.

तोडगा अवघड नाही. कोरडा बेस पूर्णच्या पूर्ण पुढे जाऊ द्यायचा आणि रिव्हर्बच्या वाट्याला येणाऱ्या आवाजातून खालचा भाग कापायचा. मी २०० हर्ट्झच्या आसपास सुरुवात करतो आणि मंडप पाहून वर सरकतो. बिगस्कायमध्ये खालच्या भागासाठी वेगळं नियंत्रण आहे, मेरिसच्या मर्क्युरी ७ वर त्यासाठी चक्क नॉब आहे. लहान पेडलांची पंचाईत अशी की टोनचा एकच नॉब असतो आणि तो बहुधा वरचा आवाज कापतो, म्हणजे बेसवाल्याला हवं त्याच्या नेमकं उलट. अशा वेळी बॉसचं एलएस-२ हे आवाज दोन वाटांनी (लूपनी) नेऊन पुन्हा एकत्र करणारं पेडल कामी येतं. त्याच्या एका लूपमध्ये काहीच न लावता कोरडा बेस, दुसऱ्यात इक्यू (खालचा-वरचा आवाज कमीजास्त करणारं पेडल) आणि रिव्हर्ब, आणि दोन्हींचं मिश्रण. या मांडणीत रिव्हर्ब पेडलमधून कोरडा आवाज येता कामा नये, नाहीतर दोन कोरडे आवाज किंचित मागेपुढे होऊन एकमेकांना खातात आणि बेस पोकळ लागतो. पेडलमध्ये कोरडा आवाज बंद करण्याची सोय आहे का, हे घेण्यापूर्वी विचारायचा प्रश्न आहे. किती मोड आहेत, हा नंतरचा.

आता शिमर. रिव्हर्बच्या फेऱ्यात स्वर एक सप्तक वर चढवणारा भाग बसवायचा, म्हणजे प्रत्येक फेरीत तो आणखी वर जातो. ब्रायन ईनो आणि डॅनियल लान्वा यांनी १९८० च्या दशकात हा आवाज गाजवला. सुंदर आहे. पण आयता तानपुरा? तानपुरा तुम्ही काय वाजवता याची दखल घेत नाही, तो आपला षड्ज धरून बसतो. शिमर तुमच्याच मागे लागतो. मारव्यात कोमल ऋषभावर थांबलात की वरच्या सप्तकात कोमल ऋषभ लटकतो, आणि तुम्ही षड्जावर आलात तरी तो वरून टोचत राहतो. काही पेडलांत स्वर किती चढवायचा ते निवडता येतं आणि पुष्कळ जण हौसेनं त्यात पंचम लावतात. म्हणजे तुम्ही षड्ज वाजवलात की पेडल पंचम देणार, जो मारव्याला वर्ज्य. मालकंसालाही वर्ज्य. ज्या मंगेशीनं दीनानाथ आणि अभिषेकीबुवा दिले, तिथल्या श्रोत्यांसमोर मारव्यात पंचम लावून बघा, मग माझी हेटाळणी सौम्य वाटेल.

मींडेचं तर त्याहून वाईट. तार ओढून तुम्ही सुरावरून सुरावर जाता, पण शेपटीत वाटेतले सगळे सूर साचून राहतात आणि मींडेचा लगदा होतो. मींड असलेल्या गाण्याला डिके आखूड, प्लेट किंवा रूम मोड, आणि शिमर बंद. बरं, तानपुराच हवा असेल तर पेडलांत त्याचीही सोय आहे. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं फ्रीझ हे छोटं पेडल एखादा सूर धरून ठेवतं. षड्ज धरा आणि त्यावर मोकळेपणी वाजवा. तुमच्या बिगस्कायमध्येही शेपूट गोठवण्याची सोय आहे, पाय दाबून षड्ज गोठवला की नंतरचे सूर तिच्यात मिसळत नाहीत. क्लाउडपेक्षा मी या एका गोष्टीसाठी ते पेडल घेईन.

बेसवर शिमर आणखी अडखळतो. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची मोकळी तार ४१ हर्ट्झची, तिचं एक कंपन पुरं व्हायलाच २४ मिलिसेकंद लागतात. स्वर चढवणाऱ्या यंत्रणेला अशी काही कंपनं हाती यावी लागतात, तोवर उशीर तरी होतो नाहीतर आवाज थरथरतो. वरच्या दोन तारांवर, बाराव्या फ्रेटच्या पुढे वाजवा, तिथे तो छान वागतो.

‘गरिबांचा सल्ला’ याविषयी फार लिहीत नाही. बिगस्काय २०१३ मध्ये आलं, त्यात १२ प्रकारचे रिव्हर्ब आहेत आणि ते उत्तम आहे, हे लिहायला मला कुणाची भीड नाही. मात्र त्याला ३०० मिलिअँपिअर लागतात, बॉसच्या आरव्ही-६ या छोट्या रिव्हर्ब पेडलला ९५. एकाच अ‍ॅडॅप्टरच्या माळेत सहा पेडलं ओवून, त्याच एक्स्टेंशन बोर्डावर हॅलोजन आणि पंखा चालू असताना जी गुणगुण येते, तिच्यावर रिव्हर्ब लावला की ती गुणगुणही चार सेकंद घुमते. महाग पेडल घेताना प्रत्येक तोंड वेगळं असलेल्या पॉवर सप्लायचे पैसे आधी बाजूला काढा. शिवाय आपली खारी, दमट हवा: जॅक गंजतात, नॉब खरखरतात, पावसाळ्यात तर पेटीत सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच. आरव्ही-६ मध्ये आठ मोड आहेत, त्यात शिमरही आहे, आणि ते पँटच्या खिशात घालून स्कूटरवरून नेता येतं. १९५७ साली आलेला ईएमटी १४० हा मूळ प्लेट रिव्हर्ब पावणेतीनशे किलोंच्या घरातला होता. तो कोणी काल्याला उचलून नेला नसता.

शेवटी तुम्ही विचारलंत की मेहुण्याच्या पाच तारांच्या बेससाठी, भजनी सप्ताहात आणि अधूनमधून किनाऱ्यावरच्या शॅकवर वाजवायला, काय घ्यावं. पाचवी तार म्हणजे ३१ हर्ट्झ, तेव्हा खालचा भाग कापता न येणारं पेडल सरळ बाद करा. त्यांना स्वतःचा बेस घेऊन दुकानात पाठवा, दुकानातल्या गिटारवर ऐकून येऊ नये. एकच वायर, मोनो. मिक्स अर्ध्यावर, डिके तीन सेकंदांच्या आसपास, आणि वर सांगितलेला ‘ए’ नंतर ‘जी’. घरघर आली तर खालचा कट वाढवत न्यायचा. दोन्ही सूर सुटे झाल्यावरही बेसचा दणका शाबूत राहिला तर ते पेडल त्यांचं. मग पेडल पायानं बंद करून ऐकायचं, शेपूट आपसूक विरते की कात्रीनं कापल्यासारखी तुटते. दोन अभंगांच्या मधल्या शांततेत ते तुटणं फार कानाला लागतं. एवढं झालं की पेडल उलटं करून किती मिलिअँपिअर लिहिलेत ते वाचायचं, आणि त्यांच्याकडे असलेला अ‍ॅडॅप्टर तेवढे देतो का ते पैसे मोजण्याआधी बघायचं.