इथे झोपता येतं का?

परवाची रात्र मी एका फाट्यावर सिमेंटच्या बाकावर काढली. प्रवाशांनीच प्रवाशांसाठी लिहिलेल्या ऑनलाइन मार्गदर्शिकेत 'शेवटची बस रात्री नऊला' असं होतं. बस सातलाच गेली होती. त्या पानाचा इतिहास उघडला तर ओळ आठ वर्षं जुनी. तेव्हा खरी असेलही.

घरी येऊन, पाठ शेकत, नऊचे सात केले. तिथेच थांबायला हवं होतं. पण अंगात आलं आणि त्या फाट्याचं नवं पानच लिहून काढलं. काय पाहावं: काही नाही. कुठे राहावं: बाक. दुसऱ्या दिवशी पान गायब! एका जुन्याजाणत्या संपादकाचा निरोप होता, "आपलं स्वागत! पण स्वतंत्र पान हवं तर प्रश्न एकच. इथे झोपता येतं का?"

"येतं. मी झोपलोय."

"कुठे?"

"बाकावर."

"बाक ही निवासव्यवस्था नव्हे."

"व्यवस्था नव्हती हेच तर सांगतोय!"

"बाक आधी राखून ठेवता येतो का?"

आता काय सांगू? एका कुत्र्याने तो राखूनच ठेवला होता. पहाटेपर्यंत माझे पाय खाली आणि त्याचे वर.

"शिवाय प्रथमपुरुष टाळावा. 'मी झोपलो' नको, 'प्रवासी झोपू शकतात' असं लिहावं."

"म्हणजे झोपता येतं, हे मान्य केलंत!"

"वाक्यरचनेपुरतं."

ही कसोटी त्याने पदरची काढलेली नाही. या जमातीत ती जुनीच. संग्रहालय कितीही भव्य असो, तिथे मुक्काम करता येत नाही, म्हणून ते शहराच्या पानात बसतं. तसं शहाणपणाचंच आहे. आणि या मंडळींना बिऱ्हाडाची चिंता असणारच. २००३ साली विकिट्रॅव्हल ही प्रवाशांनीच लिहायची ऑनलाइन मार्गदर्शिका सुरू झाली, २००६ मध्ये ती एका कंपनीने घेतली. तिच्या जर्मन लेखकांनी त्याच वर्षी उठून विकिव्हॉयेज हे वेगळं बिऱ्हाड थाटलं, २०१२ मध्ये इंग्रजीवालेही निघाले आणि २०१३ पासून सगळे विकिपीडियावाल्या विकिमीडियाच्या छपराखाली. मजकूर मुक्त परवान्याचा, त्यामुळे भांडीकुंडी सोबत नेता आली. 'झोपायचं कुठे' हे त्यांनी नाही विचारायचं तर कोणी?

फुकट राबणाऱ्यांवर चिडू नये, कळतं. हॉटेलवाले गुपचूप येऊन स्वतःच्याच खोल्यांची आरती ओवाळतात, ती हेच लोक पुसत बसतात. पण माझं पान पुसायला एक दिवस पुरला आणि त्या नऊच्या बसला आठ वर्षांत कोणी विचारलं नाही, की बाई, तू येतेस का?

काल पुन्हा डोकावलो. माझ्या लेखातलं एक वाक्य बचावलंय. शेजारच्या गावाच्या पानात, 'काय पाहावं' या मथळ्याखाली: 'फाट्यावर सिमेंटचा बाक आहे.'