लोम्बार्डींच्या आधीचे ग्रीन बे

ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाविषयी एक दावा वर्षानुवर्षे फिरत आला आहे. १९५९ साली विन्स लोम्बार्डी प्रशिक्षक म्हणून आले, तेव्हा विस्कॉन्सिनमधील या लहान शहराच्या संघाला ना इतिहास होता, ना खेळाडू. लोम्बार्डींनी तो शून्यातून उभा केला आणि बार्ट स्टार या क्वार्टरबॅकला, म्हणजे चढाईची सूत्रे सांभाळणाऱ्या खेळाडूला, पहिल्याच नजरेत हेरले, असे त्यात म्हटलेले असते. लोम्बार्डींची थोरवी वादातीत आहे, परंतु या दाव्यामुळे इतरांचे श्रेय बुडते, आणि ते मला मान्य नाही.

इतिहास नव्हता, हे तर धडधडीत चूक आहे. कर्ली लॅम्बो आणि जॉर्ज कॅल्हून यांनी १९१९ साली संघ स्थापन केला. लॅम्बो यांच्याच मार्गदर्शनाखाली १९२९ ते १९४४ या काळात त्याने एनएफएल या राष्ट्रीय लीगची सहा विजेतेपदे पटकावली, म्हणजे लोम्बार्डींच्या काळातील पाचांपेक्षा एक अधिक. त्याच काळातील खेळाडू डॉन हटसनचा ९९ टचडाउन झेलांचा, म्हणजे चेंडू झेलून प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे केलेल्या गुणांचा, विक्रम १९८९ पर्यंत अबाधित होता.

खेळाडू नव्हते, हे म्हणणे मात्र वरवर पटण्यासारखे आहे, कारण १९५८ च्या हंगामात पॅकर्सनी बारा सामन्यांपैकी एकच जिंकला, दहा गमावले आणि एक बरोबरीत सोडवला. पण त्या पराभूत संघात कोण कोण होते, ते पाहावे: बार्ट स्टार, पॉल हॉर्नंग, जिम टेलर, फॉरेस्ट ग्रेग, जिम रिंगो, रे निचके आणि जेरी क्रेमर. हे सातही जण पुढे कँटन येथील हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलमधील थोर खेळाडूंच्या सन्मानदालनात, दाखल झाले. टेलर, निचके आणि क्रेमर हे तिघे तर १९५८ च्या एकाच ड्राफ्टमधून, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून, संघाला मिळाले होते. या निवडींमागे जॅक व्हनिसी यांची पारख होती. देशभरातील महाविद्यालयीन खेळाडूंच्या तपशीलवार नोंदी ठेवणारा हा माणूस नोव्हेंबर १९६० मध्ये, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी, लोम्बार्डींच्या काळातील पहिले विजेतेपद पाहण्याआधीच गेला. आज पॅकर्सच्या गौरवगाथांमध्ये त्यांचे नाव क्वचितच येते, हा मला मोठा अन्याय वाटतो.

लोम्बार्डींनी स्वतः काहीच मिळवले नाही, असा याचा अर्थ नव्हे. हेन्री जॉर्डन आणि विली डेव्हिस यांना त्यांनी क्लीव्हलँडच्या संघाकडून आणले, तर ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडलेल्या विली वुडला संधी दिली. मात्र त्यांचे खरे कर्तृत्व हाताशी असलेल्या खेळाडूंना योग्य जागा देण्यात होते. कधी क्वार्टरबॅक, कधी फुलबॅक असा फिरवला जाणारा हॉर्नंग त्यांनी हाफबॅक, म्हणजे मुख्यतः चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, म्हणून कायम केला. त्याने १९६० मध्ये १५ टचडाउन (प्रत्येकी सहा गुण), १५ फील्ड गोल (लाथेने मारलेले, प्रत्येकी तीन गुण) आणि टचडाउननंतरच्या किकचे ४१ अतिरिक्त गुण अशी एकूण १७६ गुणांची कमाई केली. बारा सामन्यांत केलेला हा विक्रम २००६ पर्यंत कोणी मोडू शकले नाही.

राहिला स्टारचा मुद्दा. १९५६ च्या ड्राफ्टमध्ये तो सतराव्या फेरीत, २०० व्या क्रमांकावर निवडला गेला होता. लोम्बार्डींनी आल्यावर लमार मॅकहॅन या क्वार्टरबॅकला बाहेरून आणले आणि १९५९ च्या हंगामाची सुरुवात त्याच्यापासूनच केली. स्टारला त्या हंगामाच्या उत्तरार्धात संधी मिळाली, पुढच्या वर्षीही त्याला पुन्हा मॅकहॅनशी स्पर्धा करावी लागली, आणि १९६० चा हंगाम बराच पुढे सरकल्यावरच ती जागा त्याची झाली.