"राहू दे ना, तेवढंच सुख आहे त्याला"

फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय: स्किझोफ्रेनियावाल्यांची बिडी-सिगरेट सोडवू नका, तेच त्यांचं औषध असतं, सोडली की आजार उलटतो आणि तसंही त्यांना सोडायची नसतेच. माझा दादा बरीच वर्षं क्लोझापीनवर (स्किझोफ्रेनियाची गोळी) आहे, म्हणून लिहितेय.

"तेच औषध" म्हणे. ओढल्यावर बरं वाटतं हे खरंय, पण आधीच्या सिगरेटचं निकोटिन उतरल्यावर जी घालमेल होते ती पुढचीने थांबते, एवढंच ते. २०१४ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय मासिकामध्ये २६ अभ्यास एकत्र बघितले तर सोडणाऱ्यांची चिंता आणि डिप्रेशन कमी झालेलं, मानसिक आजार असलेल्यांचंही. आणि हे औषधाचं पिल्लू वाढवायला सिगरेट कंपन्यांनीच संशोधनाला पैसे पुरवलेत, त्यांचीच जुनी कागदपत्रं बाहेर आलीत.

"सोडली की उलटतो" यात मात्र थोडं तथ्य आहे, पण कारण वेगळंच. धुरामुळे (निकोटिनमुळे नाही) लिव्हर क्लोझापीन आणि तसलीच दुसरी गोळी ओलान्झापीन पटापट संपवतं, म्हणून ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो, आणि सिगरेट बंद झाली की तोच डोस जड होतो. दादाने पहिल्यांदा सोडली तेव्हा आठवड्याभरात तो जेवता जेवता ताटावरच पेंगायला लागला, सकाळी उशी लाळेने ओलीचिंब, आई म्हणे बघ, सोडायला लावलीस आणि बिघडला पोरगा. डॉक्टरांनी डोस कमी केला, झालं! तेव्हा सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगा, परत सुरू केली तरी सांगा, आणि गोळी मनाने कमी करू नका प्लीज. गायछापवाल्यांना हा डोसचा घोळ नाही कारण धूरच नाही (कॅन्सर आहेच, खूश होऊ नका).

"त्यांना सोडायची नसते"? इंग्लंडमध्ये ५२६ जणांवर ट्रायल झाली, २०१९ मध्ये छापून आली, सगळे स्किझोफ्रेनिया-बायपोलरसारखे गंभीर आजारवाले. खास मदत मिळालेल्यांपैकी ६ महिन्यांनी १४% नी सोडलेली, बाकीच्यांत ६%. वर्षाने फरक बराच कमी झाला, म्हणजे मदत मध्येच थांबवून चालत नाही.

व्हॅरेनिक्लिनने (सिगरेट सोडायची गोळी) डोकं फिरतं हीपण जुनी भीती. २०१६ च्या ८,००० जणांच्या ट्रायलमध्ये निम्मे मानसिक आजारवाले होते, त्यानंतर अमेरिकेने गोळीवरचा तो ठळक इशारा काढला.

दादाची ही तिसरी खेप. क्विटलाइनवाल्यांनी (तंबाखू सोडायला फोनवर मदत करतात, १८००-११-२३५६, फुकट आहे) सांगितलंय की चहानंतर पंधरा मिनिटं थांबून निकोटिनचं च्युइंगम खा. तो घड्याळाकडे बघत बसतो, मग तोंड वाकडं करून चघळतो, म्हणतो चव एकदम फालतू आहे.