सुताचा कोन आणि फायबरची कॉइल: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोन-तीनदा वाचली. इचलकरंजीत तीस वर्षं सूत गुंडाळण्याच्या धंद्यात काढलेला माणूस माझ्या लेखातल्या चुका दाखवतो आहे, त्याला दोन ओळींत उत्तर द्यायचं नव्हतं. म्हणून उशीर झाला.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. फायबर ऑप्टिक जायरो म्हणजे काचेच्या तंतूतल्या प्रकाशावरून फिरण्याचा वेग मोजणारं उपकरण. त्याच्या कॉइलबद्दल, म्हणजे रिळावर गुंडाळलेल्या त्या तंतूबद्दल (फायबरबद्दल), मी लिहिलं होतं. तुमचा पहिला आक्षेप: ऑटोकोनर (सुताचा कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचं रीळ, भरणारं यंत्र) मिनिटाला हजार मीटरच्या वर सूत भरतो, आणि इथे एक किलोमीटर फायबरला अख्खा दिवस लागतो, शिवाय मशीनपाशी भिंग घेतलेला माणूस बसतो, या मागासलेपणाचं कौतुक कसलं? दुसरा: वाइंडिंग नीट झालं असेल तर चिकटवायचं कशाला, गोंद म्हणजे ढिलाई झाकणं. तिसरा: क्वाड्रुपोल वाइंडिंगने (थर एका ठरावीक क्रमाने गुंडाळण्याच्या पद्धतीने) तापमानाची चूक जाते म्हणता, मग तयार जायरोत तापमानाची दुरुस्ती गणिताने का करावी लागते?

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथे तुमचंच बरोबर आहे. 'जाते' हा शब्द चुकीचा होता. ती कमी होते, आणि जी उरते तिचा मोठा भाग तुमच्या दुसऱ्या आक्षेपात, म्हणजे गोंदात दडलेला आहे. ज्या गोष्टीला मी लेखात दोन ओळी दिल्या तिच्यावर तुम्ही नेमकं बोट ठेवलंत.

आधी त्या चुकीचं मूळ. एकाच प्रकाशाचे दोन भाग करून ते फायबरच्या दोन टोकांतून समोरासमोर सोडतात. कॉइल फिरली की एकाचा रस्ता किंचित लांबतो, दुसऱ्याचा आखडतो, आणि दोन्ही परत एकत्र आले की तो फरक मोजता येतो. यूटा विद्यापीठात वाली आणि शॉर्टहिल यांनी १९७६ साली फायबर वापरून हे करून दाखवलं. फरक किती? १० सेंटिमीटर व्यासाच्या रिळावर एक किलोमीटर फायबर घ्या, साधारण ३,२०० वेढे बसतील. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, तेवढ्या वेगाने या कॉइलमध्ये पडणारा फरक प्रकाशाच्या एका तरंगलांबीच्या सुमारे ६४ हजाराव्या भागाएवढा असतो. आणि चांगल्या जायरोला पृथ्वीच्या वेगाचाही हजारावा हिस्सा ओळखावा लागतो.

आता बघा, कॉइलच्या मध्यबिंदूवरून दोन्ही प्रकाश एकाच क्षणी जातात. पण टोकाजवळच्या तुकड्यावरून एक आत्ता जातो आणि दुसरा जवळपास ५ मायक्रोसेकंदांनी. तेवढ्यात त्या तुकड्याचं तापमान केसभर जरी सरकलं, तरी कॉइल जागच्या जागी असताना जायरो 'मी फिरतोय' असं सांगतो. शूप यांनी १९८० साली हे मांडलं, म्हणून त्याला शूप परिणाम म्हणतात. इलाज असा की मध्यापासून सारख्या अंतरावरचे दोन तुकडे शेजारी आणायचे. त्यांच्या चुका उलट चिन्हांच्या असतात, तापमान दोघांना सारखंच लागलं तर त्या एकमेकींना खातात. त्यासाठी फायबर आधी अर्धं-अर्धं दोन रिळांवर घेतात आणि मध्यापासून भरायला लागतात: एका अर्ध्याचा एक थर, दुसऱ्याचे दोन, पुन्हा पहिल्याचा एक, मग तोच क्रम परत. हेच क्वाड्रुपोल वाइंडिंग. एक रीळ भरत असताना दुसरं कॉइलबरोबर गोल फिरत राहतं, नाहीतर त्याचं फायबर कॉइलवर गुंडाळलं जाईल.

इथेच सूत आणि फायबर वेगळे होतात. तुमचा कोन पुढे मागावर किंवा वार्पिंगला (ताणा तयार करताना) उलगडला जातो. तो सुटसुटीत उलगडला, तुटला नाही, की त्याचं काम झालं. कॉइल कधीच उलगडायची नसते. गुंडाळलेली अवस्था हेच तिचं उपकरणपण. दुसऱ्या थरातला २१७ वा वेढा खालच्या दोन वेढ्यांमधल्या खाचेत बसायचा सोडून वर चढला, तर त्याचा जोडीदार त्याच्या शेजारी राहत नाही, आणि तो दोष पुढच्या प्रत्येक थरात वर वर जात राहतो. फायबरची काच ८० मायक्रॉनची, वरच्या आवरणासकट १७० मायक्रॉनच्या आसपास. ताण काही ग्रॅमचाच. तो जास्त झाला तर आतल्या प्रकाशाचं ध्रुवण (त्याच्या कंपनाची दिशा) बिघडतं, कमी झाला तर वेढे सरकतात. म्हणून वेग अगदी कमी ठेवावा लागतो. मी स्वतः हाताने भरलेल्या कॉइल पाहिल्या आहेत आणि मशीनने भरलेल्याही, आणि मला मशीनच हवं आहे: ताण सारखा ठेवण्यात माणूस त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पण थर संपताना कडेला फायबर वरच्या थरावर चढतं, तिथे कॅमेरा लावूनही मशीन अडखळतं. भिंगवाला माणूस त्या कोपऱ्यासाठी असतो.

आता गोंद. सायझिंगची खळ ताण्याला मागावर टिकण्यापुरती हवी असते, कापड विणून झालं की तुम्ही ती धुऊन काढता. इथला गोंद कॉइलबरोबर जन्मभर राहतो. २०११ साली सोडलेल्या फ्रेंच प्लेयाड उपग्रहात अशाच कॉइलवर चालणारे जायरो आहेत, तिथे उघडून दुरुस्त करायला कोण जाणार? गोंद नसेल तर कंपनात वेढे हलतात आणि जायरो त्या हलण्यालाच फिरणं समजतो. मऊ गोंद भरला तर तेच थोड्या प्रमाणात. मग कडक भरावा? कडक गोंद थंडीत आक्रसून काचेला आवळतो. काच तापमानाने जवळजवळ वाढत नाही. ॲल्युमिनियमचं रीळ तिच्या चाळीसपट वाढतं, गोंद त्याहूनही जास्त. त्या दाबाने काचेतला प्रकाशाचा वेग बदलतो आणि शूपची चूक दुसऱ्या दाराने आत येते. म्हणून काही ठिकाणी गोंद वाळल्यावर कॉइल रिळावरून सोडवून मोकळीच बसवतात.

मी जिथे काम करत होतो तिथली एक कॉइल आठवते. वाइंडिंग इतकं सुबक की आम्ही सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं. चेंबरमध्ये थंड करत गेलो आणि उणे २० अंशांच्या आसपास जायरोचा आकडा एकदम उसळला. वर येताना तिथेच पुन्हा. वाइंडिंगचा काही दोष नव्हता. त्या तापमानाला गोंद रबरासारखा लवचिक होता तो काचेसारखा कडक होत होता. गोंदाचं हे पालटण्याचं तापमान वापराच्या कक्षेबाहेर हवं, हे आम्हाला माहीत होतं, पण पुरवठादाराच्या कागदावर विसंबलो. ती कॉइल गेली. तेव्हापासून गोंदाचा प्रत्येक नवा डबा आधी आम्ही स्वतः तपासायचो.

भरायचा कसा, हाही प्रश्नच. गुंडाळतानाच लावत गेलं तर प्रत्येक थराला पोहोचतो, पण ओल्या थरावर वेढे घसरतात. आधी कोरडं गुंडाळून मग व्हॅक्यूममध्ये गोंद ओढून घेतला तर वेढे जागेवर राहतात, पण आतली हवा पूर्ण निघाली की नाही हे बाहेरून कळत नाही. अतिनील प्रकाशाने घट्ट होणारा गोंद बाहेरच्या थरात झटकन होतो आणि आत कच्चा राहू शकतो, मग वरून उष्णता द्यावी लागते. तुम्ही सूत कोनावरच रंगवायला पाठवलं असेल तर हे तुम्हाला परकं नाही: घट्ट भरलेल्या जागी रंग पोहोचत नाही आणि आतली-बाहेरची छटा वेगळी येते. आमची छटा डोळ्यांना दिसत नाही, ती चेंबरमध्ये दिसते.

लेखातली 'जाते' असलेली ओळ मी बदलली आहे आणि गोंदावर वेगळा भाग लिहायला घेतला आहे. त्यासाठी एक विचारायचं आहे. ट्रॅव्हर्स (सूत कोनावर इकडून तिकडे नेणारा भाग) कडेला पोहोचून उलटा फिरतो तिथे भरलेल्या कोनाची कड घट्ट होते, आणि ती मऊ ठेवायला तुमच्याकडे त्याचा स्ट्रोक, म्हणजे ये-जा, थोडा मागे-पुढे सरकवतात असं ऐकलं आहे. आम्हाला एका वेढ्याचीही हलवाहलव परवडत नाही, तरी कडेचा दुखणाईत कोपरा आपला दोघांचा एकच आहे. तुम्ही रंगाईसाठी कोन भरताना तो कसा सांभाळता, ते सविस्तर लिहाल का?