दक्षिणेकडे तोंड केलेला पुतळा

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या सवाना शहरात चिपेवा स्क्वेअरमध्ये जेम्स ओगलथॉर्पचा पुतळा आहे. मागच्या वर्षी भाचीकडे अटलांटाला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम तिथवर जाऊन आलो. हातात उपसलेली तलवार आणि तोंड दक्षिणेला, म्हणजे तेव्हाच्या स्पॅनिश फ्लोरिडाकडे. गोरगरिबांसाठी जॉर्जिया ही इंग्रज वसाहत काढणारा आणि तिथे गुलामगिरीला बंदी करणारा माणूस म्हणून त्याचं नाव घेतात. खोटं नाही ते. पण पुढची गोष्ट वाचल्यापासून ती डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

1733 साली जॉर्जिया वसली ती इंग्लंडमधल्या गरिबांना, कर्जात बुडालेल्यांना नव्यानं उभं राहता यावं म्हणून. पुढच्याच वर्षी साल्झबर्गच्या आर्चबिशपनं देशोधडीला लावलेली प्रोटेस्टंट कुटुंबं आली, त्यांनी एबेनेझर गाव वसवलं. 1735 मध्ये काळे गुलाम आणायला बंदी झाली. त्या कायद्याचं नुसतं नाव बघा: वसाहत 'संरक्षणाच्या दृष्टीनं अधिक भक्कम' करण्याचा कायदा. दयामायेचा त्यात उल्लेखही नाही.

कारण स्पेनच्या राजाचं 1693 चं फर्मान. इंग्रजांकडून पळून आलेल्या गुलामानं कॅथलिक धर्म घेतला, की तो मोकळा. उत्तरेकडच्या कॅरोलायना या इंग्रज वसाहतीतले गुलाम दलदली तुडवत स्पॅनिश फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टिन शहराची वाट धरायचे, आणि बरोबर त्या वाटेवर जॉर्जिया उभी राहिली. त्याच कायद्यात, पळून आलेला गुलाम सापडला तर त्याच्यावर हक्क सांगणाऱ्या मालकाला तो परत देण्याची सोय होती. आसरा शोधत आलेल्यांच्या गावातून आसरा शोधणाऱ्यांना माघारी धाडायचं!

1738 मध्ये सेंट ऑगस्टिनच्या उत्तरेला या पळून आलेल्यांचं गाव वसलं, मोसे. शंभरेक माणसं, मातीचा लहानसा कोट. त्यांच्या तुकडीचा प्रमुख फ्रान्सिस्को मेनेंडेझ, आफ्रिकेतून आणलेला आणि कॅरोलायनातून निसटलेला. स्पॅनिशांना यांचा पुळका होता असं मी म्हणणार नाही. ते स्वतः गुलाम ठेवत होते, सरहद्दीवर लढायला त्यांना माणसं हवी होती. पण मोसेतल्या आईला आपलं लेकरू उद्या बाजारात उभं राहील ही धास्ती नव्हती. माझ्या लेखी ही फार मोठी गोष्ट आहे.

आता डॅरियन. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातून आलेल्यांचं जॉर्जियातलं गाव. जानेवारी 1739 मध्ये तिथल्या अठरा जणांनी गुलामगिरी आणू नका असा अर्ज केला. स्पॅनिश हद्द जवळ आहे, गुलाम पळतील, आम्ही कर्जात जाऊ, ही कारणं आहेतच. पण त्यांनी हेही लिहिलं, की एखाद्या मानववंशाला पिढ्यानपिढ्या गुलामीत लोटणं माणसाच्या मनाला हादरवणारं आहे. सह्यांमध्ये एक सही जॉन मॅकिंटॉशची.

दीड वर्षानं, जून 1740 मध्ये, ओगलथॉर्पनं सेंट ऑगस्टिनवर स्वारी केली. मोसेचे लोक शहरात गेले होते. त्यांच्या रिकाम्या कोटात डॅरियनचे स्कॉट जाऊन बसले. एका पहाटे स्पॅनिश सैनिक आणि मेनेंडेझची माणसं त्यांच्यावर तुटून पडली. मॅकिंटॉश कैद झाला, त्याला थेट स्पेनला नेलं.

मी त्याला ढोंगी म्हणत नाही. त्यानं अर्जावर सही मनापासून केली असेल असंच मला वाटतं. तरीही तो बंदूक घेऊन उभा राहिला तो सुटलेल्या गुलामांच्या घरात, आणि याचंच मला जास्त वाईट वाटतं.

1751 मध्ये बंदी उठली. 1750 मध्ये जॉर्जियात पाचशेहून कमी गुलाम होते, 1775 पर्यंत सुमारे 18 हजार झाले. मॅकिंटॉशचा मुलगा लॅकलन भातशेतीचा मोठा जमीनदार झाला, गुलामांच्या जिवावर.

मेनेंडेझ 1741 मध्ये समुद्रात इंग्रजांच्या हाती सापडला. मोसेचा सूड म्हणून त्याला दोनशे फटके मारले, बहामात विकायला काढला. 1759 च्या नोंदीत तो पुन्हा मोसेत दिसतो! 1763 मध्ये फ्लोरिडा इंग्रजांकडे गेली, तेव्हा सगळं गाव क्यूबाला निघून गेलं.

त्या पहिल्या कोटाच्या जागी आज खारी दलदल आहे. मोसेच्या उत्खननात हातानं घडवलेलं एक छोटं पदक मिळालं. त्यावर सेंट क्रिस्टोफर आहे, वाटसरूंना खांद्यावर घेऊन नदी पार करवणारा संत.