पन्हाळा रोडला ड्रोन पडलेलं नाही, खुलासा

भावांनो, "पन्हाळा रोडला शत्रूचं ड्रोन पडलं, इंजिनाचा स्फोट झाला" म्हणून कालपासून कोल्हापूरच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरतोय, ते माझं रिमोटवरचं मॉडेल जेट आहे, मीच जोडलेलं आणि रिमोटही माझ्याच हातात होता. त्यात इंजिन नाही, इंधन नाही, फोमची बॉडी, आत 70 मिमीचा पंखा आणि सहा सेलची 22.2 व्होल्टची बॅटरी, व्हिडिओत ऐकू येते ती किंकाळी पंख्याचीच. पंखा नळीत असतो, त्याची हवा शेपटीच्या हलत्या पट्ट्यांवर येत नाही, त्यामुळं वेग कमी असताना त्या पट्ट्यांनी विमान नीट सावरत नाही. वेग धरायच्या आधीच मी नाक वर घेतलं आणि ते डावीकडं कलंडून बांधावर आदळलं. धूर दिसतोय ती माती, बॅटरी फुगलीसुद्धा नाही. कुणाला लागलं नाही. शेजारच्या आज्जी रात्री घाबरून विचारायला आल्या, लई वाईट वाटलं. तो मेसेज पुढं पाठवू नका, पाठवला असेल तिथं हा खुलासा टाका.